अकराचा आकडा

“माझा पासवर्ड तुम्हीच ठेवा, धारपबाई,” कुडतरकर साहेब म्हणाले. “मला काही तो लागायचा नाही.”

वर्गात हशा झाला. वर्ग म्हणजे दूतावासाच्या तळमजल्यावरची बैठकीची खोली. लांबट टेबल, त्याभोवती सात अधिकारी, प्रत्येकापुढं लॅपटॉप आणि भिंतीवरच्या पडद्याजवळ मी. वाळवंटाकडून आलेल्या धुळीनं बाहेरचं आभाळ तांबूस झालं होतं. सकाळचे दहा वाजलेत की दुपारचे चार, हे खिडकीतून बघून सांगता येत नव्हतं.

“सर, पासवर्ड कुणाला द्यायचा नसतो, हे आपण सोमवारीच शिकलो,” मी म्हणाले.

“म्हणून तर तुम्हाला देतोय. तुम्ही शनिवारी दिल्लीला जाणार. म्हणजे तो माझ्याकडंही राहणार नाही.”

पुन्हा हशा. मीही हसले, पण मनातून चिडले होते.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा तो एक लहानसा देश. त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथंच राहतात. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. परराष्ट्र सेवेतल्या लोकांना समाजमाध्यमं कशी वापरायची, अफवा कशा ओळखायच्या, संकटात सापडलेल्या आपल्या माणसांपर्यंत फोनवरून कसं पोचायचं, हे शिकवायला मला दिल्लीहून देशोदेशीच्या दूतावासांत पाठवत. पाच दिवसांचं शिबिर असे. माझं काम मला फार आवडायचं. वीस-वीस वर्षं फायली हलवणारी माणसं माझ्या वर्गातून बाहेर पडताना लोकांशी थेट बोलायला लागतात, याचा मला अभिमान होता.

विश्राम कुडतरकर हे त्या शिबिरातले सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात नाठाळ विद्यार्थी. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. कारकून म्हणून लागले आणि पायरी पायरीनं वर चढले. तरुणपणी याच देशात सहा वर्षं काढल्यामुळं किनाऱ्यावरची बोली त्यांना घरच्यासारखी येई. तिथं अडकलेल्या भारतीयांची सगळी प्रकरणं त्यांच्याकडं असत. खिशात एक छोटी डायरी, टेबलावर एक जुना फोन. त्यांच्या प्रकरणांची एकही नोंद दूतावासाच्या संगणकात नव्हती.

“सर, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर दुसऱ्यानं काम कसं करायचं?” मंगळवारी मी त्यांना सरळच विचारलं होतं.

“करू नये,” ते म्हणाले होते. “माझी वाट बघावी.”

बुधवारी सकाळी ते पासवर्डाचं बोलून उठले आणि बंदरावर काम आहे म्हणून निघून गेले. रजा मागितली नाही.

त्या दिवशीचा विषय होता, संकटकाळात उत्तर कसं द्यायचं. दूतावासाचं समाजमाध्यमावरचं खातं बघणारा तरुण अधिकारी मेहरोत्रा माझ्या शेजारी बसला होता. लोक आपल्याविषयी काय लिहितात ते पडद्यावर एकाखाली एक कसं आणायचं, ते मी दाखवत होते. अकरा वाजून अठरा मिनिटांनी एक नवीन ओळ वर आली. मराठीत होती. परदेशातल्या त्या पडद्यावर मराठी अक्षरं बघून मला आधी बरंच वाटलं.

“माझे वडील युसुफ परकार, राहणार बाणकोट. त्यांच्या जहाजावरच्या अकरा जणांना टोळीनं पळवून आज एकतीस दिवस झाले. दहा घरांत खलाशांचा एकेक फोन आला. आमच्या घरात आला नाही. दूतावास झोपला आहे का? नाझनीन परकार.”

बघता बघता खाली दूतावासाला शिव्या घालणाऱ्या पन्नासेक प्रतिक्रिया जमा झाल्या. आणखी येत होत्या.

मी ती पोस्ट सगळ्यांना हिंदीत सांगितली आणि मेहरोत्राला विचारलं, “हे प्रकरण काय आहे?”

“मालवाहू जहाज होतं. मुक्कामाला उभं असताना खाडीपट्ट्यातली हत्यारबंद टोळी चढली आणि खलाशांना घेऊन गेली. कुडतरकर साहेब बघतात.”

“माणसं जिवंत आहेत?”

“दिल्लीला जायच्या आधी राजदूत म्हणाल्या होत्या, अकराच्या अकरा जिवंत आहेत. त्याहून जास्त मला माहीत नाही.”

“मग हे या मुलीला का सांगितलं नाही?”

मेहरोत्रानं खांदे उडवले. मग म्हणाला, “मॅडम, कुडतरकर साहेबांना विचारून घेऊ. बंदरावर फोन लागत नाही, पण एकपर्यंत येतील.”

“एकपर्यंत?” मी वर्गाकडं वळून म्हणाले. “नियम काय आहे आपला? अर्ध्या तासात उत्तर. जिथं आपण गप्प बसतो, तिथं अफवा बोलायला लागते.”

ते वाक्य मी प्रत्येक शिबिरात म्हणत असे. आणि मग मी स्वतःच दूतावासाच्या खात्यावरून उत्तर लिहिलं. मराठीत आणि खाली इंग्रजीत.

“आपले सर्व अकरा खलाशी जिवंत आणि सुखरूप आहेत. आम्ही सतत संपर्कात आहोत. कृपया धीर धरा.”

तेव्हा अकरा चाळीस झाले होते. बावीस मिनिटं लागली होती.

पाच मिनिटांत त्या मुलीचं उत्तर आलं. “अल्ला तुमचं भलं करो. महिन्यानं आज अम्मीनं भाताचा घास घेतला.”

मी ते वाचून दाखवलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते. ज्यासाठी मी हे काम करते ते हेच, असं मला वाटलं.

एकला दहा कमी असताना दार उघडलं. कुडतरकर साहेब दारातच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तीन दिवस बघत होते, पण तो असा कधी नव्हता.

“अकरा कोणी लिहिलं?” त्यांनी मराठीत विचारलं. मराठीत, म्हणजे मलाच.

“मी. का? चूक आहे का आकडा?”

“बरोबर आहे.” ते टेबलापर्यंत आले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. “बरोबर आहे म्हणूनच विचारतो. टोळीकडं दहा माणसं आहेत, बाई. दहा. अकरावा त्यांच्या होडीतून रात्री पाण्यात पडला. तो बुडाला असं ते धरून चालले आहेत. तो बुडाला नाही. एका बाईनं त्याला लपवलाय. त्यांच्या तळापासून दोन मैलांवर.”

माझा हात आपोआप लॅपटॉपकडं गेला. मी ती पोस्ट काढून टाकली.

“काढली मी, सर.”

“रेडिओवरून कशी काढाल? मी गाडीत ऐकली. इथल्या बोलीत. बाराच्या बातम्यांत पहिली बातमी. खाडीपट्ट्यात प्रत्येक घरात रेडिओ आहे.”

त्यांनी डायरी काढून एक नंबर फिरवला. खाडीच्या तोंडाशी एक आरोग्यकेंद्र होतं. तिथल्या सिस्टर ग्रेसमार्फतच हा सगळा निरोप चालत असे. लसी घेऊन जाणारी त्यांची होडी दर पंधरा दिवसांनी खाडीत जाई आणि तिला टोळीवाले अडवत नसत. शुक्रवारी त्या होडीतून अकराव्याला बाहेर काढायचं ठरलं होतं. तो बुधवार होता.

फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

“मी येते तुमच्याबरोबर,” मी म्हणाले.

ते चालू लागले होते. नको म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. मी मागं धावत जाऊन गाडीत बसले.

चार तासांचा रस्ता होता. पहिला तासभर ते दर दहा मिनिटांनी तो नंबर लावत आणि फोन मांडीवर ठेवत. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली, खिडकीबाहेर बघत, जणू डायरीतलं वाचून दाखवावं तसं.

तो अकरावा म्हणजे नाझनीनचे वडील, युसुफ परकार. ते जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. वय बावन्न. पाण्यात पडल्यावर ते खारफुटीच्या मुळांना धरून रात्रभर तसेच राहिले. पहाटे जाळं ओढायला आलेल्या एका बाईला दिसले. तिचं नाव अदामा. विधवा, मासे धुरावून विकणारी. तिच्या धुराच्या झोपडीवर लाकडं ठेवायचा माळा होता. त्या माळ्यावर तिनं युसुफभाईंना महिनाभर ठेवलं. खाली मासे धुरावले जात, म्हणून वर कुणी चढत नसे. ती सात मैल चालत आरोग्यकेंद्रात आली आणि सिस्टर ग्रेसला म्हणाली, माझ्याकडं तुमच्यापैकी नाही, आमच्यापैकी नाही, असा एक माणूस आहे, त्याच्या माणसांना कळवा.

“बदल्यात काय मागितलं तिनं?” मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “काही नाही. ती केंद्रात आली तेव्हा मी विचारलं होतं फोनवर, का करतेस म्हणून. ती म्हणाली, पाण्यात सापडला, मग काय परत पाण्यात टाकू?”

पुढं बऱ्याच वेळानं मी म्हटलं, “सर, तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं. निदान मेहरोत्राला.”

मला वाटलं ते भडकतील. पण ते म्हणाले, “खरं आहे. राजदूतांना सोडून मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या त्या संगणकावर विश्वास नव्हता, आणि माणसांवरही नव्हता. ही माझी चूक. तुमची तुम्ही बघा.”

पाचच्या सुमाराला आम्ही आरोग्यकेंद्रावर पोचलो. तीन खोल्यांची पांढरी इमारत, पुढं धक्का, आणि पलीकडं खारफुटीची न संपणारी हिरवी भिंत. सिस्टर ग्रेस दुपारपासून धक्क्यावरच उभी होती. म्हणून फोन वाजत राहिला होता. तिनंही रेडिओ ऐकला होता. आत होडी पाठवणं शक्य नव्हतं. भरती पहाटेशिवाय नव्हती, आणि ठरल्या दिवसाआधी लसीची होडी दिसली असती तर संशय पक्का झाला असता. आम्ही थांबलो. त्या मुक्कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कुणी झोपलं नाही, एवढंच.

उजाडल्यावर एक डोंगी खारफुटीतून बाहेर आली. एक माणूस वल्हवत होता. अंगावर बाईचा कपडा गुंडाळलेला, डोक्यावर जाळं. धक्क्याला टेकल्यावर त्यानं जाळं काढलं. दाढी वाढलेली, डोळे धुरानं लालभडक झालेले. कुडतरकर साहेब पाण्यात उतरले, कमरेपर्यंत, बुटांसकट, आणि त्यांनी त्याला धरलं.

“सारंग, मी कुडतरकर. निरोप पाठवत होतो तो.”

“साहेब,” युसुफभाई म्हणाले. धक्क्यावर बसवून आम्ही पाणी दिलं. मग ते घाईनं म्हणाले, “ती मागनं येतेय. दुपारी शेजारनीकडनं धावत आली, मला माळ्यावरनं खाली ओढलं, जाळ्याखाली घातलं, डोंगी ढकलून दिली. मी म्हटलं, तू पण चल. तर हातानं दाखवलं, तू हो पुढं. आणि परत जाऊन भट्टी पेटवली तिनं. रोजच्यासारखी. मी खाडीतनं धूर बघितला.”

घर सोडून ती निघाली असती तर तासाभरात शोध सुरू झाला असता. भट्टी पेटलेली दिसली तर ते सावकाश येतील, एवढा हिशेब तिनं केला असावा. तो बरोबर ठरला. युसुफभाई रात्रभर आतल्या ओहोळांतून लपतछपत आले होते, आणि कुणी त्यांच्या मागं आलं नव्हतं.

नऊ वाजता मासे घेऊन दोन बायका धक्क्याला लागल्या. सिस्टर ग्रेस त्यांच्याशी बोलायला गेली. बोलता बोलता तिनं एका बाईचा दंड धरला. मग ती आमच्याकडं आली आणि कुडतरकर साहेबांना बोलीत हळू आवाजात चार-पाच वाक्यं म्हणाली.

महिनाभरात युसुफभाईंना ती बोली थोडी कळू लागली होती. कुडतरकर साहेबांनी काही सांगायच्या आधीच ते उभे राहिले.

“जाळली?” ते म्हणाले. “झोपडी?”

कुडतरकर साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आणि ती?”

“सारंग, बसा.”

“ती आत होती?”

“बसा तुम्ही.”

युसुफभाई बसले नाहीत. ते खाडीकडं तोंड करून उभे राहिले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “मंगळवारी मी खाली उतरलो होतो. संध्याकाळची वेळ होती. तीस दिवस अंगाला पाणी नव्हतं. म्हटलं, ओहोळावर जाऊन येतो. ती नको म्हणत होती. मी गेलो. समोरनं एक होडी गेली. त्यांनी बघितलं मला. नक्की बघितलं.” मग ते वळले. “माझ्यामुळं झालं का, साहेब?”

“नाही,” कुडतरकर साहेब म्हणाले. “तुमच्यामुळं नाही.”

“मग कुणामुळं?”

मी चार पावलांवर उभी होते. कुडतरकर साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि ते थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. किती वेळ ते थांबले असतील? धक्क्याला बांधलेली ती डोंगी दोनदा फळीवर आपटली, तेवढा वेळ. मी तोंड उघडलं नाही.

“चला,” शेवटी ते म्हणाले. “गाडीत बसू.”

बाकीचे दहा जण एकोणीस दिवसांनी सुटले. तोवर युसुफभाईंना दूतावासातच ठेवलं होतं, त्यामुळं अकराही जण एकाच आठवड्यात घरी पोचले, फोटो छापून आले. कुडतरकर साहेबांनी अहवालात लिहिलं की एका स्थानिक महिलेच्या मदतीमुळं अकरावा खलाशी बचावला आणि त्या महिलेचा नंतर मृत्यू झाला. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. पोस्टचाही उल्लेख नव्हता. मेहरोत्रा पुढं दोनदा भेटला. हवापाण्याच्या गप्पा मारून गेला.

ती पोस्ट मी काढली होती, पण तिची चित्रं लोकांनी आधीच जपून ठेवली होती. नाझनीनचं उत्तर, खाली हजारो लोकांचे आशीर्वाद. सहा महिन्यांनी दिल्लीत कुणीतरी प्रशिक्षणाच्या साहित्यात ती घातली. वर मथळा होता, ‘बावीस मिनिटं’. लोकांच्या प्रश्नाला तत्पर आणि माणुसकीचं उत्तर कसं द्यावं, त्याचा नमुना म्हणून. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

आणि मी तो नमुना शिकवला. हे लिहायला मला जड जातं, पण ते लिहिल्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. तीन वर्षं, निदान चाळीस वर्गांत, मी ते चित्र पडद्यावर आणलं. भाताच्या घासाची ओळ आली की वर्ग शांत व्हायचा. मी पुढच्या विषयाकडं वळायची.

कुडतरकर साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षभरात वारले. मला ते एका सहकाऱ्याकडून सहज बोलण्यात कळलं. त्या धक्क्यावर मी काय बोलायचं टाळलं, ते जाणणारं आता माझ्याखेरीज कुणी नव्हतं, आणि ते कळल्यावर पहिल्या क्षणी मला जे वाटलं ते सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला अजून आहे.

त्याच सुमाराला कार्यालयानं ठरवलं की या प्रकरणावर प्रशिक्षणासाठी दहा मिनिटांची फिल्म करायची. युसुफ परकारांची मुलाखत घ्यायची. मराठी येतं म्हणून आधी बोलून यायला मलाच पाठवलं.

बाणकोटला खाडीकाठी त्यांचं कौलारू घर होतं. नाझनीननं दार उघडलं. गावातल्याच शाळेत शिकवत होती. मी नाव सांगितल्याबरोबर तिनं माझे दोन्ही हात धरले.

“तुम्हीच ना त्या? उत्तर तुम्ही लिहिलं होतं ना? अम्मी गेली मागच्या साली. ती असती तर तुम्हाला जेवल्याबिगर सोडलं नसतं.”

युसुफभाई ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. खूप म्हातारे दिसत होते. आल्यापासून ते पुन्हा बोटीवर गेले नव्हते. नाझनीन चहाला आत गेली तेव्हा मी फिल्मविषयी सांगायला लागले. ते ऐकत होते की नव्हते, कळेना. मध्येच म्हणाले, “बाई, तुम्ही धक्क्यावर होतात.”

“हो.”

“त्या बाईचं मी कुणाला सांगत नाही. लोक विचारतात, कसे सुटलात? मी सांगतो, अल्लाची मेहेरबानी. पण ज्यानं आंघोळीपायी एका बाईचा जीव घेतला, त्याच्यावर कसली मेहेरबानी? मी आंघोळीला पाणी घेतलं की मला ती होडी दिसते. चार वर्षं झाली. मुलगी म्हणते डॉक्टरला दाखवू.”

मी हातातला कागद खाली ठेवला.

“युसुफभाई, तुम्हाला त्या होडीतून कुणी बघितलं नव्हतं.”

“बघितलं.”

“बघितलं असतं तर ते मंगळवारीच आले असते. बुधवारी सकाळी मी लिहिलं की अकराच्या अकरा माणसं जिवंत आहेत. त्यांच्याकडं दहा होती. ते रेडिओवर सांगितलं गेलं. तुम्हाला डोंगीत घातलं ते त्यानंतर. मी लिहिलं म्हणून ते आले.”

ते माझ्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी परक्या भाषेत बोलत असलं की आपण जसं शब्द जुळवत बसतो, तसं त्यांचं चाललं होतं.

“किती वाजता लिहिलंत?”

“अकरा चाळीसला.”

“रेडिओवर?”

“बाराला.”

“ती धावत आली तेव्हा सूर्य नुकता कलला होता,” ते म्हणाले. “मी जोहरच्या, दुपारच्या नमाजाला बसणार होतो.” त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ते रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, खूप वेळ.

मागं कप वाजला. नाझनीन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ट्रे खाली ठेवला.

“म्हणजे मी विचारलं नसतं तर,” ती म्हणाली, “मी ती पोस्ट टाकली नसती तर ती बाई जिवंत राहिली असती.”

“नाही,” मी म्हणाले. “तू लिहिलंस ते टोळीवाल्यांना माहीत होतंच. दहा घरांत फोन आले, एका घरात नाही. त्यातून अब्बा बुडाले हेच खरं वाटलं असतं. बाप हरवला तर लेकीनं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? तू विचारलंस हे बरोबर केलंस. उत्तर देण्याआधी थांबणं माझं काम होतं. माझ्या शेजारचा माणूस म्हणत होता, तासभर थांबू. मी थांबले नाही. आणि नंतर धक्क्यावर बोलायचं होतं, तिथं गप्प बसले.”

तिनं विचारलं, “आज का सांगितलंत?”

“चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं,” मी म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

फिल्म झाली नाही. दिल्लीला परतल्यावर मी सगळं लेखी दिलं, वेळांसकट. तो नमुना साहित्यातून काढला गेला. मला दीड वर्ष वर्ग दिले नाहीत, आणि ते योग्यच होतं. नंतर पुन्हा बोलावलं. आता मी नव्या अधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते, नावागावासकट, माझ्या नावासकट. टाळ्या कुणी वाजवत नाही.

पण त्या दिवशी ओटीवर अजून एक गोष्ट घडली. मी जायला उठले. मला वाटलं, आता ही माणसं माझं तोंड पुन्हा बघणार नाहीत. युसुफभाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “सरकारच्या कागदावर तिचं नाव आहे का कुठं?”

“नाही. ‘स्थानिक महिला’ एवढंच लिहिलंय.”

“तुम्ही लिहाल?”

“लिहीन. अदामा.”

“तसं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही घाईनं म्हणता. मधला ‘दा’ लांब ओढायचा, आणि ‘मा’ला आवाज खाली आणायचा. तिथं तसं म्हणतात. तिनं मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, छातीवर हात ठेवून. म्हणा.”

मी म्हटलं.

“पुन्हा.”

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि नकारार्थी मान हलवली.

“पुन्हा,” ते म्हणाले.

तिसऱ्या वेळेला ते काही बोलले नाहीत. नाझनीननं थंड झालेला चहाचा कप उचलून माझ्या हातात दिला, आणि मी परत खाली बसले.